गोधडीला नेफा

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या कुठल्याही नदीकाठी जावं. घराघरांतून ‘दसरा काढणं’ चाललेलं असतं. अंथरुणं, पांघरुणं, चादरी, वाकळा, घरात जे जे म्हणून धुता येण्याजोगं आहे ते टेम्पोत, ट्रॉलीत नाहीतर डोक्यावर घालून पाण्यावर नेलं जातं. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून ती पिळतात आणि खडकावर, घाटाच्या पायऱ्यांवर, पुलाच्या कठड्यावर, बाभळीच्या कुंपणावर पसरतात. दुपारपर्यंत काठ भरून जातो. इरकली काठ, फुलाफुलांचं वायल, शाळेच्या गणवेशाची खाकी, कुणाच्या तरी धोतराचं विटकं पांढरं. महाराष्ट्रातलं गोधड्यांचं सगळ्यांत मोठं प्रदर्शन हेच असावं. उद्घाटक नाही, तिकीट नाही, आणि दिवस कलला की सगळं गुंडाळून घरी.

तीच गोधडी आता शहरातल्या दिवाणखान्यात, सोफ्यामागच्या भिंतीवर यायला लागली आहे. आजीनं शिवलेली, गावचं घर आवरताना पेटीत सापडलेली, किंवा एखाद्या बचत गटाकडून विकत घेतलेली. मला हे आवडतं, आणि भीतीही वाटते. कारण पुढचा प्रसंग बहुतेक घरांत सारखाच घडतो. ड्रिल घेऊन आलेला माणूस भिंतीकडे बघतो, गोधडीकडे बघतो आणि विचारतो, ‘वर दोन खिळे मारू की चार?’

चार सुती साड्यांची गोधडी दोन-अडीच किलोंची सहज भरते. पलंगावर हे वजन सगळ्या अंगानं टेकलेलं असतं. भिंतीवर टांगली की ते सगळं वरच्या काठाला लोंबकळतं. दोन खिळ्यांवर टांगली तर किलो-सव्वा किलोचा भार खिळ्याभोवतीच्या मोजक्या धाग्यांवर येतो, आणि ते धागे बहुधा पंचवीस-तीस वर्षं नेसून, धुऊन, आपटून झालेल्या लुगड्याचे असतात. पहिल्या महिन्यात काही दिसत नाही. मग दोन खिळ्यांमधला काठ झोळीसारखा खाली येतो, भोकं लांबट होतात, आणि एका पावसाळ्यात दमट हवेनं कापड जड झालं की ती फाटतात. पडद्याचे चिमटे लावले तर भोक पडत नाही, पण झोळ तसाच येतो आणि चिमट्याचे दात कापडात उमटून राहतात. एका दिवसाच्या प्रदर्शनाला, नव्या कोऱ्या गोधडीला चिमटे चालतील. वर्षभरासाठी नाही. स्टेपलरच्या पिना किनाऱ्यावरच्या गावात एका पावसाळ्यात गंजतात, आणि गंजाचा डाग कापडातून जाता जात नाही. तो नुसता रंगाचा डाग नसतो, लोखंड तिथला धागाही खात असतं. आणि चिकटपट्टी किंवा गम? त्याबद्दल एवढंच की गम कापडात मुरतो, पिवळा पडतो, कडक होतो आणि निघताना धागा घेऊन निघतो.

वस्तुसंग्रहालयांत कापडावर काम करणारी माणसं एक साधा दंडक पाळतात: वस्तूला जे काही कराल ते पुन्हा काढून टाकता आलं पाहिजे. या दंडकानं मोजायला गेलं तर शिवण सगळ्यांत वर येते, कारण ती उसवता येते. खिळा, पिन, गम हे सगळे खाली राहतात. ही कसोटी एकदा मनात धरली की बाजारात मिळणाऱ्या नाना तऱ्हांमधून निवड करणं सोपं जातं.

आणि शिवणीचा उपाय आपल्या परकरातच आहे. गोधडीच्या पाठीला, वरच्या काठाच्या थोडं खाली, आडवा नेफा शिवायचा. त्यात नाडीऐवजी दांडी घालायची आणि दांडी भिंतीवरच्या दोन आकड्यांवर ठेवायची. भार दोन बिंदूंवर न येता काठाच्या सबंध लांबीवर वाटला जातो. अमेरिकेत गोधड्यांची मोठमोठी प्रदर्शनं भरतात. तिथं पाठीला चार इंची नेफा नसेल तर गोधडी बहुधा घेतच नाहीत, इतकी ही रीत रुळलेली आहे.

नेफा मात्र परकराचा शिवतात तसा शिवून भागत नाही. कापड धुतलेल्या, आटलेल्या मांजरपाटाचं घ्यावं. नवं, खळीचं नको. रंगीत तर नकोच, ओलीनं रंग उतरून गोधडीच्या पाठीला लागतो. नेफ्याची लांबी गोधडीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडून इंचभर कमी, म्हणजे दांडीची टोकं बाजूनं डोकावत नाहीत. खरी मेख पुढे आहे. नेफा सपाट शिवला तर आतल्या दांडीची जाडी कापडाला पुढे ढकलते आणि समोरून बघताना वर एक आडवा उंचवटा दिसतो. म्हणून नेफ्याच्या भिंतीकडच्या पदराला अर्धा इंच ढील द्यायची. दांडी त्या ढिलात बसते आणि गोधडीची दर्शनी बाजू सरळ पडते. आणखी एक गोष्ट घाईत हमखास राहते. नेफ्याची नळी पुरी करावी, म्हणजे दांडी आणि गोधडी यांच्यामध्येही नेफ्याचं कापड असतं. नेफ्याच्या दोन्ही तोंडांशी तो आतला पदर गोधडीला टाचून टाकावा, नाहीतर दांडी सरकवताना ती नेमकी त्या फटीत शिरते आणि गोधडीचे जुने टाके उपसते.

टाका कुठवर घ्यायचा यावर परदेशी पुस्तकांतला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिकडच्या गोधडीत वरचं तुकडकाम, मधे कापसाचा थर आणि खाली अस्तर अशी तीन अंगं असतात. नेफ्याचा टाका अस्तर आणि थोडासा कापूस धरून घेतात, वर दिसू देत नाहीत. आपल्या गोधडीत बहुतेक वेळा कापूस नसतोच. जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक, आणि कडेपासून मध्यापर्यंत चौकोनात चौकोन फिरत गेलेला धावदोरा. सगळ्यांत खालचा थर बहुधा सगळ्यांत जीर्ण असतो, कारण चांगलं लुगडं बाई वर लावते. नुसत्या त्या थराला नेफा टाचला तर तोच फाटून हातात येईल. म्हणून टाका आतले दोन-तीन थर धरून घ्यावा, पाव इंचाच्या अंतरानं, सुती दोऱ्यानं. नायलॉनचा दोरा टिकाऊ म्हणून वापरू नये. ताण आला तर दोरा तुटावा, कापड तुटू नये. आणि जाता जाता: गोधडीला वर-खाली असं काही नसतं, त्यामुळे नेफे दोन शिवावेत, वरही आणि खालीही. दरवर्षी गोधडी उलटी टांगली की भार एकाच काठावर पडत नाही.

दांडी लाकडाची असेल तर तिच्यावर पॉलिश किंवा रंगाचा हात हवा. कच्च्या लाकडातून आम्ल सुटतं, ते कापडाला पिवळं करतं. ॲल्युमिनियमची चपटी पट्टी उत्तम. लोखंडी सळई कोकणात तरी नको. आणि आकडे भिंतीपासून इंचभर पुढे घ्यावेत. बाहेरची भिंत पावसात ओल धरते. भिंतीला चिकटलेली गोधडी ती ओल शोषते, तिच्यामागे हवा खेळत नाही आणि बुरशी येते. एक इंच फट ठेवली तर त्यात पाल राहायला येते हेही खरं. मराठी घरात भिंतीवर काहीही टांगा, मागे पाल असतेच. बुरशीपेक्षा पाल परवडली. आठवड्याला एकदा गोधडी हलकेच पुढे ओढून मागे बघितलं तर तीही मुक्काम हलवते.

नेफ्याला एक मर्यादा आहे. त्याला सरळ काठ लागतो, आणि हातानं शिवलेल्या गोधडीचा काठ सरळ नसतो. शिवताना कडेनं आत येत जाताना प्रत्येक फेरीला कापड थोडं आवळलं जातं. दोघी-तिघी चार बाजूंनी बसल्या असतील तर प्रत्येकीच्या हाताची ओढ वेगळी पडते. त्यामुळे एक बाजू चार फूट दहा इंच, तर समोरची पाच फूट, आणि मध्यावर किंचित फुगवटा. जमिनीवर हे कळत नाही. सरळ दांडीवर टांगली की खालचा काठ तिरका दिसतो आणि पाहुणे मान वाकडी करून बघतात.

अशा गोधडीला व्हेलक्रो जास्त मानवते. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला १९४१ मध्ये फिरून आल्यावर आपल्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून ती सुचली. पुढे दशकभर खटपट करून त्यानं तिचं पेटंट घेतलं. तिच्या दोन पट्ट्या असतात, एक मऊ आणि एक आकड्यांची खरखरीत. कापडाला नेहमी मऊ पट्टी लावायची. खरखरीत पट्टी कापडाला लावली तर गोधडीची घडी घालताना ती गोधडीचेच धागे ओरबाडते. मऊ पट्टी आधी तिच्यापेक्षा रुंद अशा सुती फितीवर मशीननं शिवायची आणि मग ती फीत हातानं गोधडीच्या पाठीला टाचायची. व्हेलक्रोतून सुई नेणं हे बोटांचे हाल करणारं काम आहे, म्हणून ही मधली फीत. खरखरीत पट्टी लाकडी पट्टीवर ठोकायची, लाकडी पट्टी भिंतीवर. मग गोधडी वर दाबत जायचं. एखादी बाजू खाली आली वाटली तर तेवढीच सोडवून अर्धा इंच वर दाबायची. दोन पावलं मागे येऊन बघायचं, पुन्हा सोडवायचं. शिवणाऱ्या हातांचा वाकडेपणा असा भिंतीवर सांभाळून घेता येतो. मागे गम लावून मिळते ती व्हेलक्रो कापडाला लावू नये, हे सांगायला नकोच.

चुंबकाचा सध्या बराच बोलबाला आहे. नखाएवढे निओडायमियमचे चुंबक, मागे रंग चढवलेली पोलादी पट्टी, मधे कापड. रुमाल, ओढणी, खणाचा तुकडा अशा हलक्या कापडाला ही रीत छान, कारण एकही टाका घालावा लागत नाही. दोन किलोंच्या गोधडीला मात्र इतके चुंबक लागतात की तिचा वरचा काठ बटणं लावल्यासारखा दिसतो. आणि दोन चुंबक अचानक एकमेकांवर झेपावले की मधलं कापड आणि बोट दोन्ही चेचतं.

हे सगळं ऐकून कुणी विचारेल, पांघरायची वस्तू भिंतीवर टांगायचीच कशाला? प्रश्न जुना आहे, आणि त्याचा सगळ्यांत गाजलेला प्रसंग न्यूयॉर्कचा. १९७१ च्या उन्हाळ्यात तिथल्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हान डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकन गोधड्या पांढऱ्या भिंतींवर, आधुनिक चित्रं लावावीत तशा लावल्या गेल्या. पलंग नाही, खोलीचा देखावा नाही. लोकांनी मागे सरकून त्या बघितल्या आणि त्यांना त्यात त्या काळच्या अमूर्त चित्रकारांचे रंगांचे पट्टे आणि चौकोन दिसले. गोधडीकडे कला म्हणून बघण्याची तिथली लाट पुष्कळशी या प्रदर्शनापासून सुरू झाली. दोनच वर्षांनी पॅट्रिशिया मेनार्डी या चित्रकार-समीक्षक बाईंनी त्यावर खरमरीत लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं की, तुम्ही गोधडीला चित्राच्या रांगेत बसवलंत, पण तिच्या कर्त्या बायांची नावं आणि त्यांचं जग भिंतीबाहेर ठेवलंत. दोघांचंही मला पटतं. उभं राहून, दहा फुटांवरून बघितल्याशिवाय गोधडीची रंगांची मांडणी खरोखर दिसत नाही. पलंगावर आपण ती नेहमी तिरपी, अर्धीमुर्धी बघतो. आणि नाव नसलेली गोधडी भिंतीवर गेली की ती घरमालकाच्या रसिकतेची खूण होऊन बसते, हेही तितकंच खरं.

दुसरी कथा अलाबामातल्या, नदीच्या वळणातल्या जीज बेंड या वस्तीची. गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांची ही वस्ती. तिथल्या बाया जुन्या कामाच्या कपड्यांच्या, जीन्सच्या गुडघ्यांच्या गोधड्या शिवत. विल्यम आर्नेट या संग्राहकानं एक फोटो पाहिला. रोलंड फ्रीमन यांनी काढलेल्या त्या फोटोत ॲनी मे यंग यांची गोधडी सरपणाच्या ढिगावर पसरलेली होती. तो ती शोधत गावात पोचला. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग व्हिटनीत त्या गोधड्या भिंतीवर गेल्या, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. २००७ मध्ये त्यांतल्या काही जणींनी आर्नेटविरुद्ध कोर्टात दावे लावले, ते पुढे तडजोडीनं मिटले. सरपणाच्या ढिगावरून भिंतीवर जाताना गोधडीची किंमत बदलते, आणि ती कुणाच्या खिशात जाते हा प्रश्न तिच्या पाठोपाठ येतो. आपल्याकडे गोधडी आता कुठं बाजारात चढायला लागली आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी गावोगाव हिंडून महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मोठं पुस्तक केलं, ते काढलं फ्रान्समधल्या किल्टमानिया या प्रकाशनानं. मराठी प्रकाशकांना गोधडी अजून पायाशीच बरी वाटते की काय, कोण जाणे.

महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी बाया ‘कवंदी’ शिवतात. त्यांच्यातले अनेक जण गोव्यातल्या गुलामीतून पळून घाटावर आलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, घरची बोली कोंकणीच्या वळणाची. कवंदीही कडेपासून आत शिवत जातात, आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर घड्यांचे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना ‘फुलां’ म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. हेन्री ड्रुवाल या अभ्यासकानं या कामाचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात त्याचं प्रदर्शन भरवलं. कवंदी भिंतीवर लावायची वेळ येते तेव्हा सगळ्यांचा हात आधी कोपऱ्याकडेच जातो, खिळा तिथं सोयीचा वाटतो म्हणून. आणि नेमकं तिथंच फूल असतं. तिथं चिमटा नाही, खिळा नाही, चौकटीची पट्टीही नाही. वरच्या दोन फुलांना मोकळं सोडून नेफा त्यांच्या खालून न्यायचा. मग वरचा काठ जरासा पुढे झुकतो. झुकू द्यावा.

गोधडीहून वेगळी तऱ्हा काचेखालच्या कापडाची. मराठी घरात भिंतीवर कापड आहेच, गोधडीच्या कितीतरी आधीपासून. दोसुतीवर भरलेलं ‘सुस्वागतम’, मण्यांचा हंस, रेशमाचा मोर, लग्नाआधी सासरच्यांना दाखवायला केलेलं भरतकाम. त्यातलं बहुतेक आज तपकिरी पडलेलं आहे, आणि त्याला जबाबदार वय नसून चौकट आहे. फ्रेमवाल्यानं मागे पुठ्ठा घातला, त्यावर कापड गमानं ताणून चिकटवलं, वरून काच टेकवली आणि मागे प्लायवुड ठोकलं. पुठ्ठ्यातलं आणि प्लायवुडातलं आम्ल वर्षानुवर्षं कापडात उतरत राहिलं. काचेच्या आत दव धरलं, तिथं कापड काचेला चिकटलं. अशी चौकट उघडायची झाली तर मोराचा तुरा काचेबरोबर वर येतो.

नव्यानं करायची तर आम्लविरहित पुठ्ठा हुडकावा. त्यावर धुतलेला मांजरपाट ताणून बसवावा आणि कापड त्या मांजरपाटाला बारीक रेशमी दोऱ्यानं कडेनं टाचावं. काच आणि कापड यांच्यामध्ये पाव-अर्ध्या इंचाची पट्टी हवी. काचेऐवजी ॲक्रिलिक वजनाला हलकं पडतं, पण घासलं की त्यात वीज साठते आणि ते सुटे धागे, जरीचे कण ओढून घेतं. जरतारी कामावर ते नको. पैठणीचा फाटका पदर असा चौकटीत जाऊ शकतो. अखंड पैठणी भिंतीवर लावायची असेल तर ती जाड, कापूस गुंडाळून मांजरपाटानं मढवलेल्या नळकांड्यावरून सोडावी. खिळ्यावर किंवा बारीक दांडीवर टाकली तर जिथं घडी पडते तिथंच जर मोडते. कापड इतकं जीर्ण असेल की हाताळतानाच तुटावं, तर सरळ भिंतीचा नाद सोडावा. थोड्या उतरत्या फळीवर ठेवलं तरी घर्षण बराच भार उचलतं. त्याहून नाजूक कापड आडवंच बरं, आणि संवर्धकाला दाखवणं त्याहून बरं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे.

टांगण्याच्या रीतीवर इतकं लिहिलं, पण भिंतीवरच्या कापडाचा खरा वैरी उजेड आहे. संग्रहालयांत कापडासाठी साधारण पन्नास लक्सची मर्यादा धरतात. वाचायच्या दिव्याखाली तीनशे ते पाचशे लक्स असतो, खिडकीशी काही हजार, थेट उन्हात लाखाच्या घरात. आणि उजेडाचं नुकसान साठत जातं, विश्रांतीनं भरून येत नाही. हिशोब करून बघा. पन्नास लक्सखाली दिवसाला दहा तास, शंभर दिवस लावलेल्या कापडाला जेवढा उजेड लागतो, तेवढाच हजार लक्सच्या खिडकीशेजारी पाच दिवसांत लागतो. ट्यूबलाइटमधून थोडे अतिनील किरणही येतात. एलईडी त्या मानानं सौम्य. रेशीम सगळ्यांत आधी मोडतं. रंगांत हळदीचा पिवळा सगळ्यांत आधी उडतो. नीळ आणि मंजिष्ठेचा लाल पुष्कळ टिकतात. गोधडीत दहा साड्यांचे दहा रंग शेजारी शेजारी असतात आणि ते दहा वेगवेगळ्या वेगानं उडतात. त्यामुळे काही वर्षांनी नुसती ती फिकी दिसत नाही, तिची रंगसंगतीच बदलते. शिवणाऱ्या बाईनं जो लाल मुद्दाम गुलाबीशेजारी ठेवला होता, तो लाल राहतो आणि गुलाबी पांढरा होतो.

अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात शिरलं की डोळे सरावायला वेळ लागतो, इतका तिथला उजेड मंद आहे. १९४९ मध्ये गौतम आणि गिरा साराभाई यांनी कॅलिको गिरणीच्या आश्रयानं ते सुरू केलं, १९८३ मध्ये ते शाहीबागेतल्या साराभाईंच्या वास्तूत गेलं. मोजकी माणसं, सोबत वाटाड्या, फोटो काढायला मनाई. लोक कुरकुरतात. पण तिथले रंग बघितले की त्या अंधाराचा अर्थ कळतो.

घरात कुणी पन्नास लक्समध्ये राहू शकत नाही. तिथं उपाय एकच, कापड कायमचं लावायचं नाही. आणि कापड टांगायच्या आपल्या जितक्या जुन्या रीती आहेत, त्या सगळ्या हेच करतात. नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या मागची पिछवाई ऋतूप्रमाणे, उत्सवाप्रमाणे बदलते. सौराष्ट्रात लग्नकार्याला, सणाला दारावर तोरण आणि भिंतीवर भरतकामाचे चाकळे लागतात. गणपतीच्या मखरामागे आपण आईची जरीची साडी लावतो आणि विसर्जनानंतर काढून ठेवतो. टाचण्या लावतो ते चुकतं, पण उतरवतो ते बरोबर. बारमाही लावून ठेवलेलं कापड ही आपल्याकडे बाहेरून आलेली सवय आहे. गोधडीला दसऱ्याला चढवावं आणि होळीच्या आसपास, उन्हं तापायच्या आत उतरवावं. फार तर मृगाच्या आधी. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांवर गेली की बुरशीला रान मोकळं होतं, आणि कोकणात ती चार महिने त्याच्या वरच असते.

उतरवलेली गोधडी घडी घालून पेटीत टाकली की घडीच्या रेघांवर धागे तुटतात. जमल्यास जाड नळकांड्यावर गुंडाळावी, नाहीतर प्रत्येक घडीत जुन्या मऊ धोतराची गुंडाळी ठेवावी आणि दरवर्षी घड्या बदलाव्यात. शालू ठेवताना आपल्या आज्या मलमलीत गुंडाळून तो वर्षातून एकदा उघडून उलट्या घडीनं ठेवत, ते हेच. वेखंडाची किंवा कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी ठेवावी, पण कापडाला टेकवून नको. डांबरगोळ्या टाळाव्यात, त्यांच्या वाफेत राहणं माणसालाही बरं नाही. खळ असलेलं कापड कसरीला आवडतं, म्हणून खळ काढूनच ठेवावं. आणि धुवायची घाई नको. जुन्या गोधडीतल्या एखाद्या साडीचा रंग कच्चा निघाला तर तो सगळ्या थरांत पसरतो आणि मग त्याला इलाज नाही. ओल्या पांढऱ्या कापडाचा कोपरा प्रत्येक रंगावर दाबून आधी बघावं. बऱ्याचदा बारीक जाळीतून व्हॅक्यूम क्लीनरनं धूळ ओढली की पुरतं.

नेफा लावून झाला की पाठीलाच, खालच्या कोपऱ्यात, सुती फितीचा एक तुकडा टाचावा. पंजा रुंद, चार बोटं उंच. त्यावर शिवणाऱ्या बाईचं नाव, तिचं माहेरचं आणि सासरचं गाव, शिवल्याचं साल, आणि ठाऊक असेल तर कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा ते. गोधडी विकत घेतलेली असेल तर हे सगळं घेतानाच विचारून ठेवावं, कारण बचत गटाच्या चिठ्ठीवर फक्त गटाचं नाव असतं. न फुटणाऱ्या शाईनं लिहावं, आणि फीत टाचण्याआधी एकदा धुऊन बघावी. शाई फुटली तर दुसऱ्या पेनानं पुन्हा.